आवळीखालची खुर्ची

कार्तिक उजाडला की नागपूरकरांची पावले आपोआप झाडांकडे वळू लागतात. उन्हाचा जाच सरलेला असतो, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि घरोघरी आवळी भोजनाचा बेत शिजू लागतो. कार्तिक शुद्ध नवमी ही आपली आवळी नवमी. आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडून जेवण्याची रीत जुनी आहे. गाड्या ठरतात, डबे ठरतात, पाण्याचे कॅन कोणी आणायचे तेही ठरते. मग कोणीतरी विचारते, "आणि घरी कोण?" या प्रश्नाचे उत्तर कोणालाच द्यावे लागत नाही. घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती हसून म्हणते, "तुम्ही या जाऊन. मी आहे घर सांभाळायला."

या वाक्यावर आपण फार सहज विश्वास ठेवतो. मीही तीन वर्षे ठेवला.

माझ्या सासूबाईंचे बालपण काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत गेले. साल पाहून झाड ओळखणाऱ्या, चालत्या गाडीतून बेहडा कोणता आणि धावडा कोणता हे सांगणाऱ्या त्या. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्या आमच्याबरोबर वनभोजनाला आल्या होत्या. आम्ही नेहमीप्रमाणे सतरंजी अंथरली. त्या बसल्या, जेवल्या, नातवंडांना त्यांनी आवळे खायला लावून वर पाणी पाजले आणि ते गोड कसे लागते याची गंमत दाखवली. जेवण आटोपून सगळे उठले. त्यांना मात्र उठता येईना. गुडघे वाकत नव्हते, हाताला आधार नव्हता. दोघांनी काखेत हात घालून ओढले, तिसऱ्याने मागून रेटले. शेजारच्या पंगतीतील लोक मदतीला धावले, काहींनी आपुलकीने चौकशीही केली. या सगळ्यात त्यांच्या लुगड्याच्या निऱ्या सुटल्या. परतीच्या वाटेवर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्यानंतर दर वर्षी त्या घर सांभाळू लागल्या. वयामुळे आता त्यांना हौस उरली नाही, असा सोयीस्कर अर्थ आम्ही लावला. एके दिवशी त्या नातीजवळ बोलून गेल्या, "मला जंगल नको झालेलं नाही ग. सगळ्यांसमोर उठणं नको झालंय."

आजचे हे लेखन त्या एका वाक्यामुळे आहे. आपल्याकडे वृद्धांच्या सहलीचा विचार होतो तो औषधांच्या पिशवीपासून. माझ्या अनुभवात तो खुर्चीपासून व्हायला हवा.

वय वाढते तसे मांड्यांच्या स्नायूंचे बळ घटते, आणि जमिनीवरून उठणे ही मुख्यतः मांड्यांची कामगिरी असते. संधिवात असला तर गुडघ्यांची साथही सुटते. अशा व्यक्तीला जमिनीवर बसवणे म्हणजे उठवण्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकणे. म्हणून बरोबर घ्यायची ती हातांची, पक्की, न दुमडणारी खुर्ची. बैठक जमिनीपासून सुमारे दीड फूट असावी, म्हणजे पाऊल पूर्ण टेकून गुडघा काटकोनात राहतो आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतः उठता येते. बाजारात मिळणाऱ्या कापडी, घडीच्या, खोल खुर्च्या दिसायला छान असतात; परंतु त्यांत बसलेला वृद्ध माणूस सतरंजीवर बसल्याइतकाच अडकतो. मऊ मातीत खुर्चीचे पाय रुततात आणि ती कलते. त्यासाठी फळीचा एक तुकडा गाडीत टाकावा. आणि खुर्ची एकच नेऊ नये. आजी एकट्या उंचावर आणि बाकी सगळे खाली, असे झाले की त्यांना आपण पाहुण्या आहोत असे वाटते. दोन-तीन खुर्च्या असाव्यात, त्यांवर तरुणांनीही बसावे.

कोणी जमिनीवर बसून अडकलेच तर काखेत हात घालून ओढू नका. खांद्याला इजा होण्याचा तो हमखास मार्ग आहे. खुर्ची त्यांच्या समोर आणून ठेवा. गुडघे टेकणे शक्य असेल तर त्यांनी कुशीवर वळून गुडघ्यांवर यावे, दोन्ही हात बैठकीवर ठेवावेत, एक पाऊल पुढे घ्यावे आणि मग उठावे. आपण कमरेपाशी केवळ आधार द्यावा. घाई करू नये. बघ्यांना पाठ फिरवायला सांगितले तरी चालेल.

जागेचे म्हणाल तर आपले शहर याबाबतीत भाग्यवान आहे. सेमिनरी हिल्सची झाडी ऐन वस्तीत आहे. अंबाझरी तलावामागे जैवविविधता उद्यान आहे, गोरेवाड्याला तलाव आणि जंगल आहे. पहिल्या खेपेला याहून दूर जाऊ नये. सुट्टीचा दिवस टाळून सकाळी नऊला पोहोचावे आणि जेवून दोनपर्यंत परतावे. घरातील एखाद्याने आधी जाऊन दोनच गोष्टी पाहून याव्यात: गाडी उभी राहते तिथपासून सावलीपर्यंत किती पावले आहेत, आणि कमोड असलेले स्वच्छतागृह कुठे आहे. झाडांची नावे नंतर पाहता येतील. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, हा शब्द रूढ केला. झाडांच्या सान्निध्यात निवांत वेळ काढल्याने थोड्या काळापुरता रक्तदाब आणि ताण उतरतो, असे त्यावरील अभ्यासांत आढळले आहे. आनंद मानावा, गोळी मात्र सोडू नये.

जेवणाबद्दल थोडेसे. वांग्याची भाजी, रोडगे आणि वरण यांवाचून विदर्भातील वनभोजन पुरे होत नाही, आणि वृद्धांना ते वर्ज्य करण्याचेही कारण नाही. रोडगा वरणात कुस्करून भिजू द्यावा, भाजीतील तिखट आवरावे, तुपाचा हात थोडा आखडावा. खरी अडचण पदार्थांची नसून वेळेची असते. रोडगे भाजायला उशीर होतो, गप्पा रंगतात आणि एरवी साडेबाराला होणारे जेवण अडीचवर जाते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची साखर याच काळात उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे ही चिन्हे दिसली की प्रथम साखरेचे पाणी द्यावे. त्यापेक्षा, पंगतीची वाट न पाहता त्यांना त्यांच्या वेळी घरची पोळी-भाजी वाढावी आणि रोडग्याचा घास नंतर चाखू द्यावा. इन्सुलिन गाडीच्या डिक्कीत ठेवू नये. उभ्या गाडीत हिवाळ्यातही ऊन साठते. चूल पेटवायची ती परवानगी असेल तिथेच, आणि वर मोहोळ नाही ना हे मान उंचावून पाहिल्यावर. धुराने चवताळलेल्या मधमाश्यांपुढे ज्याला पळता येत नाही, त्याच्यासाठी ही नजर फार मोलाची आहे.

पावसाळा नुकताच संपला असेल तर गवताबद्दल सावध राहावे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. गवत-झुडपांतील बारीक माइट किड्यांच्या अळ्या चावल्याने हा ताप येतो, आणि तो लगेच येत नाही. एक-दोन आठवडे मध्ये जातात. तोवर सहल विसरलेली असते. म्हणून सहलीनंतर तीन आठवड्यांच्या आत ताप आला तर "आम्ही गवतात बसलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगावर, विशेषतः काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली, विडीच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का ते पाहा. वेळीच ओळखले तर यावर चांगले औषध आहे. घरी आल्यावर कपडे धुणे आणि साबणाने आंघोळ करणे ही साधी काळजी घ्यावी.

दोन वनभोजने खुर्चीवर निर्विघ्न पार पडली. मग सासूबाईंनीच विचारले, "तंबूत राहतात म्हणे आता लोक. मला चालेल का?" तेव्हा त्यांचे वय सत्त्याहत्तर होते. घरात एकदम शांतता पसरली. माझ्या मनात आलेला पहिला शब्द 'नाही' हाच होता, हे मी कबूल करते. आपण काळजी घेणारी माणसे भीतीलाच काळजी समजू लागतो. तरी नकार देण्यापूर्वी एक रात्र आम्ही गच्चीवर काढली. उन्हाळ्यात अंगणात आणि गच्चीवर खाटा टाकून झोपलेली ही पिढी. तिला उघडे आकाश नवीन नाही, आपल्यालाच ते परके झाले आहे. त्या एका रात्रीत कळले की त्यांना दोनदा उठावे लागते, खाटेची उंची कमी पडते, आणि चश्मा ठेवायला हाताशी जागा हवी. आपणही आधी अशी रात्र काढून पाहावी. चूक झाली तर जिना उतरून आपल्या खोलीत जाता येते.

तंबू स्वतः उभारायच्या भरीला पडू नका. रांगत आत शिरावे लागते असा छोटा घुमटाकार तंबू गुडघे धड असणाऱ्यांसाठी आहे. शिवाय जंगलालगत रस्त्याकडेला मनास येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. ते बेकायदा आहे आणि वाघाच्या मुलखात शहाणपणाचेही नाही. उभे राहून आत जाता येईल असा, आत पलंग असलेला, कुंपणातील कायमचा तंबू पाहावा. नागपूरहून सुमारे सत्तर किलोमीटरवर, मनसरच्या पुढे जबलपूरच्या महामार्गावरून आत वळले की पेंच व्याघ्र प्रकल्पाचे सिल्लारी लागते. तिथे वनविभागाचे पर्यटन संकुल आहे आणि त्या परिसरात मुक्कामाच्या इतरही सोयी आहेत. आरक्षण करताना भाड्याच्या आधी एक विचारा: पलंगापासून शौचालय किती पावलांवर आहे? "जवळच आहे" हे उत्तर स्वीकारू नका. पावले मोजायला सांगा.

हिवाळी मुक्कामात रात्र किती लांब असते, हे आपल्या लक्षात येत नाही. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पावणेसातच्या आसपास उगवतो. म्हणजे तेरा तासांची रात्र, आणि वृद्धांची झोप त्यातली जेमतेम सहा तास. थंडीही गमतीची नसते; २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि जंगलालगत गारठा शहराहून अधिकच. वृद्ध शरीराला थंडी उशिरा जाणवते आणि ते कुडकुडून ऊबही पुरेशी निर्माण करू शकत नाही. आपण पांघरुणांचा ढीग घालतो, परंतु पलंगाखालून येणाऱ्या गारव्याचा विचार करत नाही. एक जाड गोधडी अंगाखाली हवीच. कानटोपी, पायमोजे आणि एका जाड स्वेटराऐवजी दोन पातळ थर बरे. दमा किंवा जुना खोकला असेल तर शेकोटीच्या धुरापासून दूर बसवावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांनी पाय शेकू नयेत. कातडी भाजल्याचे त्यांना कळतच नाही. गरम पाण्याची पिशवीही टॉवेलात गुंडाळूनच द्यावी.

आणि हे मात्र अत्यंत गांभीर्याने वाचा. ऊब राहावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत कदापि नेऊ नये, विझत आलेली असली तरीही नको. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. तंबूची एक खिडकी थोडी उघडी राहू द्यावी.

मुक्कामाच्या त्या रात्री आमच्याकडून चूक झाली, ती सांगते. आम्ही खुर्चीसारखा घडीचा कमोड बरोबर नेला होता. तो पाहताच सासूबाईंनी तोंड फिरवले. "तंबूत? छे!" आम्ही विषय सोडून दिला. शौचालय चाळीस पावलांवर होते, वाटेत दिवे होते, म्हटले जमेल. रात्री दोनच्या सुमारास त्यांनी हाक मारली. उठून बसल्या आणि लगेच मागे कलल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हात गार, ओठ कोरडे. तेव्हा कळले की रात्री उठावे लागू नये म्हणून त्यांनी दुपारी तीननंतर पाणी घेतलेच नव्हते. आम्हांला दिसावे म्हणून पेला तोंडाला लावून खाली ठेवत होत्या. त्यात रक्तदाबाची गोळी पोटात होती. त्या एकट्या उठल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळते.

त्यांना काही वेळ आडवे केले, पाय उशीवर घेतले, पूर्ण शुद्धीवर असल्याची खात्री करून थोडे थोडे पाणी पाजले. मग पलंगाच्या कडेला चांगली दोन मिनिटे बसवले, पावले हलवायला लावली, आणि त्यानंतरच उभे केले. हा क्रम प्रत्येक वृद्धासाठी, प्रत्येक रात्री, घरीसुद्धा पाळण्यासारखा आहे. पाणी तोडणे हा उपाय नव्हे. दुपारपर्यंत भरपूर पाणी घ्यावे, संध्याकाळी चहा टाळावा, रात्री घोटभर का होईना घ्यावे. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. कमोडचा विषय घरीच, चारचौघांत नव्हे, ज्याच्यापाशी त्या मोकळेपणाने बोलतात अशा एकाच व्यक्तीने काढावा. आमच्याकडे पुढे नातीने तो काढला. कमोडभोवती जुन्या नऊवारीचा पडदा बांधायचा, या अटीवर तो मान्य झाला.

पलंगच हवा, जमिनीवरचे अंथरूण नको, याला आणखी एक कारण आहे. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. थंडीत साप कमी दिसतात, तरी पलंग आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हे उत्तम संरक्षण आहे. पाय खाली टाकण्यापूर्वी विजेरी लावावी, चपला झटकाव्यात. दंशाची शंका जरी आली तरी चिरणे, चोखणे, आवळून बांधणे काही करू नये. हालचाल थांबवून १०८ वर फोन करावा आणि थेट रुग्णालय गाठावे. सिल्लारीहून यायचे तर रामटेकला उपजिल्हा रुग्णालय आहे. जंगलाच्या कडेला मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून गाडी आणि ती चालवणारा रात्रभर तिथेच हवा.

सर्वांनीच रात्र काढावी असे मी म्हणणार नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, त्यात अनोळखी जागा. त्यांना दिवसाच नेऊन सूर्यास्तापूर्वी घरी आणावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, प्राणवायू लागत असेल, तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय जाऊ नये. आणि सांभाळणारी माणसे दोन हवीत. एकीने जागे राहायचे, एकीने झोपायचे. एकटीने सगळे निभावणे हे घरी जितके चुकीचे, तितकेच तंबूतही.

त्या रात्रीचे एक राहिले. शौचालयाहून परतताना सासूबाई वाटेतच थांबल्या. मला वाटले पुन्हा चक्कर आली. त्या वर पाहत होत्या. मार्गशीर्षातील अमावास्या जवळ होती. पेंचला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती तिथल्या गडद आकाशामुळेच. आकाशात मृग होता. "हा बघ मृग, आणि त्याच्या पोटातला हा बाण. तो खाली चमकतोय ना, तो व्याध." मी विचारले, मृग तर जूनमध्ये लागतो ना? त्या हसल्या. "अग, जूनमध्ये सूर्य त्याच्या घरी असतो, म्हणून तेव्हा तो दिसत नाही. हिवाळ्यात पाहायचा." बागेतील माळ्याने त्यांना हे सातव्या-आठव्या वर्षी दाखवले होते. मी खुर्ची आणली. त्या शाल गुंडाळून वीस-एक मिनिटे तिथे बसल्या आणि मी निम्मी नक्षत्रे शिकले.

यंदा त्यांना ऐंशीवे लागले आहे. बेत मार्गशीर्षातील अमावास्येच्या आसपासचाच आहे. त्या दोन रात्री म्हणत आहेत, आम्ही एकीवर अडून आहोत. खुर्चीच्या पायांची रबरे झिजली आहेत, ती तेवढी निघण्यापूर्वी बदलून घ्यायची आहेत.